औषधी बागेतील रास्ना आणि उन्हाची मात्रा

आपल्या चिकित्सालयांच्या व औषधनिर्माणशाळांच्या आवारात तुळस, अडुळसा, गुळवेल हमखास आढळतात. आमरी मात्र क्वचितच दिसते. वास्तविक अष्टवर्गातील जीवक, ऋद्धी व वृद्धी म्हणून आज घेतल्या जाणाऱ्या हिमालयीन वनस्पती आमरी कुळातीलच आहेत. बंगालमध्ये रास्ना म्हणून वापरली जाणारी वांडा टेसेलाटा ही आमरी तर महाराष्ट्रातही आंब्यासारख्या वृक्षांवर वाढते. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलाटाची पाने स्वीकारली आहेत. तरी रास्ना या एकाच नावाखाली भिन्न द्रव्ये विकली जातात. ज्याने जिवंत वनस्पती पाहिली आहे, त्याची सहसा फसगत होत नाही. म्हणून प्रत्येक औषधी बागेत ही आमरी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की आमच्या कोरड्या हवेत ती जगत नाही. नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूरचा परिसर हा जांगल देशच होय. परंतु येथे रोपे मरतात ती बहुधा ऊन-सावलीच्या अविचाराने. आमरी म्हणजे सावलीतले झाड, या समजुतीने ती काळोख्या व्हरांड्यात टांगली जाते. मग पाने गडद हिरवी व लुळी होतात आणि फुलोरा धरत नाही. उलटपक्षी एकदम उघड्यावर ठेवल्यास वैशाखाच्या उन्हात पाने करपतात.

योग्य मात्रा पानेच सांगतात. किंचित पिवळसर हिरवे पान समाधानकारक. जांभळट छटा ही ऊन वाढल्याची सूचना. दुपारी पान हाताला तापलेले लागल्यास सावली व वारा दोन्ही वाढवावे. सकाळचे कोवळे ऊन थेट मिळावे. दुपारचे व पश्चिमेचे ऊन ५० टक्के सावलीच्या शेडनेटमधून गाळून यावे. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत जाळी काढावी. कडुनिंब उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतो; त्याखालील रोपास तेवढे दिवस जाळी अवश्य हवी. आपल्याकडे मेच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर, तर डिसेंबरात दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून छपराच्या दक्षिण कडेखाली मे महिन्यात सावलीत असलेले रोप डिसेंबरात उन्हात येते. जागा निवडताना हा ऋतुविचार हवा.

जागा बदलताना सात्म्याचा विचार करावा. अपथ्य सोडवताना आपण जो पादांशिक क्रम सांगतो, तोच येथेही लागू पडतो. दोन-तीन आठवड्यांत ऊन थोडे थोडे वाढवावे.

रोप मात्र रोपवाटिकेतीलच घ्यावे. या आमरीची मुळे औषधासाठी काढली, की बहुधा संपूर्ण झाडच जाते. आमरी कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराने नियंत्रित आहे, तो उगाच नव्हे. शिवाय अनेक शेतकरी तिला बांडगूळ समजून तोडतात. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी केवळ आधार घेते. हा भेद गावात सांगणे हे वैद्याचेच काम आहे.

औषधनिर्मात्या बंधूंना एक विनंती. रास्ना खरेदी करताना बिलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व प्रयोज्य अंग लिहून घ्यावे, आणि आलेला माल आवारातील झाडाशी ताडून पाहावा. मोळीत आमरीची मुळे आढळल्यास ती कोठून आली, हे विचारल्याशिवाय माल स्वीकारू नये.