आजारी माशाला मीठ द्यावे, टाकीला नव्हे

ज्यांच्या घरी किंवा शाळेत माशांची काचेची टाकी असते, त्यांना एक सल्ला हमखास मिळतो : मासा मलूल दिसला की पाण्यात मूठभर मीठ टाका. मासे विकणारा दुकानदार तो देतो, शेजारचे काकाही तोच देतात. उलट, गोड्या पाण्यात मीठ म्हणजे विषच, असे ठासून सांगणारेही पुण्यात कमी नाहीत. दोघेही एक प्रश्न विचारायचे विसरतात : किती मीठ, किती पाण्यात आणि त्या पाण्यात माशाखेरीज आणखी कोण राहते? भौतिकीच्या माणसाने माशांच्या दुखण्यात नाक खुपसू नये, असे कुणी म्हणेल. पण हा मामला मुळात परासरणाचा आहे, आणि परासरण आमच्याही पुस्तकात असते.

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात विरघळलेले पदार्थ साधारणपणे लिटरमागे ९ ग्रॅम मिठाइतके भरतात. खडकवासल्याहून येणाऱ्या आपल्या नळाच्या पाण्यात क्षार अगदी थोडे. या दोहोंच्या मध्ये असतो तो कल्ल्यांचा पातळ पडदा. साहजिकच बाहेरचे पाणी सतत माशाच्या शरीरात शिरत राहते. हिशेब केला तर येथील परासरण दाब सुमारे ७ वातावरणे, म्हणजे ७० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका येतो! गोड्या पाण्यातील मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. आत शिरलेले पाणी त्याची मूत्रपिंडे अखंड बाहेर टाकतात आणि निसटलेले क्षार कल्ले पाण्यातून वेचून परत घेतात. या कामाला ऊर्जा लागते. निरोगी माशाला ती परवडते. पण खवले निघाले, कातडीला जखम झाली किंवा कल्ले सुजले की गळती वाढते आणि मासा थकतो. अशा वेळी पाण्यात लिटरमागे ३ ग्रॅम मीठ असेल तर ९ चा फरक ६ वर येतो, म्हणजे एक तृतीयांश ओझे उतरते. मीठ जखम भरीत नाही. जखम भरण्यासाठी माशाला उसंत देते.

आता त्याच टाकीतील हायड्रिलाचा विचार करा. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते आणि आत शिरलेल्या पाण्याच्या दाबावरच तिचे पान ताठ राहते. माशाला जे ओझे, तोच वनस्पतीचा आधार! मिठाने तो आधार कमी होतो. शिवाय सोडियम आणि क्लोराइड यांचे आयन पेशींत साठून अपाय करतात तो वेगळाच. खाडीचे पाणी भातखाचरात शिरू नये म्हणून कोकणातला शेतकरी बांध उगाच घालीत नाही. व्हॅलिसनेरिया थोडेफार मीठ सोसते, नाजूक पानांच्या वनस्पती मात्र कुजू लागतात. कुजलेल्या पानांतून अमोनिया निघतो आणि ज्या माशासाठी मीठ घातले त्याच्याच कल्ल्यांना तो जाळतो.

याहून मोठी अडचण म्हणजे मीठ उडून जात नाही. बाष्पीभवन होते ते फक्त पाण्याचे. सांगली-कोल्हापूरकडे उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या, त्यामागेही हेच कारण आहे. समजा, टाकीत ६० लिटर पाणी आहे. दर आठवड्याला १५ लिटर बदलायचे आणि ‘तब्येतीसाठी’ ३० ग्रॅम मीठ घालायचे, असा कुणी नेम धरला. तर मीठ ३०, ५२.५, ६९.४ असे वाढत शेवटी १२० ग्रॅमवर, म्हणजे पहिल्या मात्रेच्या चौपटीवर स्थिरावेल. (ही भूमितीय श्रेढी दहावीच्या विद्यार्थ्याने जरूर मांडून पाहावी.) आणि पाणी न बदलता नुसती भर घालणाऱ्याच्या टाकीत ते स्थिरावणारच नाही. “आमचे गप्पी मासे तर मजेत आहेत,” हे उत्तर मी ऐकले आहे. डासांच्या अळ्यांसाठी महापालिका सोडते ते गप्पी मासे मचूळ पाण्यातही राहतात. त्यांच्यावरून निऑन टेट्राचा अंदाज बांधू नये.

म्हणून माझे मत असे, की उपचार वेगळ्या भांड्यात करावा. एक स्वच्छ बादली, तिच्यात शिळे करून क्लोरीन घालवलेले १० लिटर पाणी, हवेचा पंप आणि किराणा दुकानातून तोलून आणलेले ३० ग्रॅम मीठ. मीठ आधी वेगळे विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांनी घालावे. खडेमीठ उत्तम. आयोडीनयुक्त मिठाचा बाऊ करू नये : त्यात किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम आयोडीन असते, म्हणजे आपल्या बादलीत लिटरमागे एक दशांश मिलिग्रॅमही नाही. समुद्राच्या पाण्यातही ते साधारण तेवढेच असते. महागड्या सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात तर बादलीचा दुहेरी फायदा होतो. कातडीखाली दडलेल्या परजीवीला मीठ गाठू शकत नाही, पोहत्या अवस्थेतच गाठते. म्हणून उपचार पुष्कळ दिवस चालतो. दरम्यान सगळेच मासे बाहेर असले की टाकीतले परजीवी आश्रयावाचून मरतात. पुण्याच्या थंडीत त्यांचे जीवनचक्र लांबते, तेव्हा घाई नको.

एक अपवाद मी मान्य करतो. नव्या टाकीत उपयुक्त जिवाणू स्थिरावेपर्यंत नायट्राइट साचते. ते कल्ल्यांतून रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. क्लोराइडचे आयन त्याच वाटेने आत जात असल्याने तेथे गर्दी करून नायट्राइटला अडवतात. यासाठी १०० लिटरला १० ग्रॅम मीठ बहुधा पुरते आणि एवढे वनस्पतीही सोसतात.

शिक्षकांना हे वर्गात दाखवायचे असेल तर त्यासाठी मासा धरू नये. काचेच्या चार बरण्यांत लिटरमागे ०, १, ३ आणि ९ ग्रॅम मिठाचे पाणी घ्यावे, प्रत्येकीत हायड्रिलाची सारख्या लांबीची फांदी सोडावी, आणि आठ दिवस रोज एकाच वेळी, एकाच खिडकीच्या उन्हात, मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजून वहीत लिहावे.