तोंडी नकार आम्हाला मान्य नाही

आम्ही एक कागद मागतो आहोत. अर्ज दिला की त्याची पोच. अर्ज नाकारला की नकाराचा आदेश, कारणासह, तारखेसह आणि सहीशिक्क्यासह. या एका मागणीवर ही चळवळ आज उभी राहत आहे. मागणी लहान वाटेल, पण तहसील कचेरीच्या खिडकीसमोर ज्यांची दिवसादिवसाची मजुरी बुडाली आहे त्यांना ती लहान वाटणार नाही.

खिडकीवर काय घडते हे महाराष्ट्राच्या ३५८ तालुक्यांत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. नवरा गेल्यावर वारस नोंदीसाठी आलेली बाई अर्ज पुढे करते. आतला माणूस कागद चाळतो आणि म्हणतो, "मावशी, एक कागद कमी आहे, उद्या या." उद्या साहेब दौऱ्यावर असतात. पुढच्या आठवड्यात सर्व्हर डाउन असतो. त्यानंतर कळते की हे काम या टेबलाचे नाहीच. तिचा अर्ज घेतला गेला नाही आणि नाकारलाही गेला नाही. दप्तरात तिच्या येण्याची ओळभर नोंद नाही. वरच्या अधिकाऱ्याने उद्या विचारले तर कार्यालय खुशाल सांगू शकते की असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही, आणि कागदोपत्री ते खरे असते.

तोंडी नकारावर अपील करता येत नाही. आमच्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. या देशात अन्यायाविरुद्धची प्रत्येक दाद कुठल्या तरी लेखी कागदापासून सुरू होते. तो पहिला कागदच हाती पडू दिला नाही, तर पुढचे सगळे कायदे त्या माणसापुरते पुस्तकातच राहतात.

सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ते खोटे ठरेल, आणि खोट्यावर चळवळ उभी करायची आमची इच्छा नाही. दप्तर दिरंगाईला आळा घालणारा २००५ चा कायदा महाराष्ट्रात आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याने फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त आपल्याकडे ठेवू नये, असे त्याचे दहावे कलम सांगते. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. दाखला, नोंद, परवाना हे उपकार राहिले नाहीत, तर ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क झाले. मुदत टळली तर त्याच खात्यात पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे. कसूर सिद्ध झाली तर संबंधित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. त्याच वर्षी बहुतेक दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राची सक्ती जाऊन साधे स्वयंघोषणापत्र चालू लागले. डिजिटल सहीचा सातबारा आता मोबाइलवर निघतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणारी 'जिवंत सातबारा' मोहीम बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर गेली. ज्यांनी हे केले त्यांनी वर्षानुवर्षे अडलेली कामे मोकळी केली, आणि आम्ही त्यांचे मनापासून आभार मानतो.

मग गाडे कुठे अडते? लोकसेवा हक्क कायद्यातली मुदत अर्ज सर्व बाबतींत पूर्ण असेल तेव्हापासून मोजली जाते. नियम रास्त आहे, अर्धवट अर्जावर कोण निर्णय देणार? पण काय अपुरे आहे ते लिहून द्यायचे टाळले की 'पूर्ण' होण्याचा दिवस कधीच उजाडत नाही. ऑनलाइन अर्जातही हेच दिसते. पोर्टलवर अर्ज भरला तर क्रमांक आपोआप पडतो, पोच मिळते आणि मुदत धावू लागते. हा फार मोठा बदल आहे. मात्र सेवा केंद्रात कागद ठेवून घेतले आणि "नंतर भरतो" म्हणून गठ्ठ्यात टाकले, तर क्रमांक नाही आणि मुदतही नाही. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत मिळायला हवा. पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून, हे सांगणारा कागद आईबापांच्या हाती नसतो. तोवर इकडे मुलाच्या प्रवेशाची शेवटची तारीख उलटून जाते.

मुद्रांकाचेही तसेच. २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली. शैक्षणिक कामाच्या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना तो लागत नाही, हे महसूल विभागाने २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले. तरीही कुणी मुद्रांक मागितला तर आमचे उत्तर एकच राहील: "साहेब, तसे लिहून द्या."

लेखी पोचेची ही मागणी आम्ही शोधलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ती १९७८ मध्येच मान्य केली, तीही महाराष्ट्रातून गेलेल्या खटल्यात. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे त्याचे नाव. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवली होती आणि कैदी चार वर्षांहून अधिक उशिराने सर्वोच्च न्यायालयात पोचला होता. निकालाची प्रत मला वेळेवर मिळाली नाही, असे त्याचे म्हणणे. तुरुंगाचे म्हणणे, प्रत दिली होती. दिल्याची सही मात्र कुठेच नव्हती. त्या माणसाची याचिका फेटाळली गेली. तरीही न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात पुढच्या सगळ्या कैद्यांसाठी नियम घालून दिला: निकालाची प्रत कैद्याला मोफत आणि तातडीने द्या, त्याची लेखी पोच घ्या, आणि वकील करणे ज्याला परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने वकील द्या. प्रत, पोच आणि वकील या तीन गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या, आणि त्या एकत्रच असायला हव्यात असे आम्ही मानतो.

पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून त्याच न्यायालयाने मुंबईतल्या पोलीस कोठड्यांची दखल घेतली. बर्से यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी संवाद साधला होता, आणि त्यांतल्या पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. न्यायालयाने आदेश दिला की कुणालाही अटक करून कोठडीत आणले की पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला ताबडतोब कळवावे, आणि अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत. आदेशाला चाळीस वर्षे उलटून गेली. तुमच्या तालुक्याच्या ठाण्यात तो मराठी कागद भिंतीवर आहे का, हे पाहणे आमच्या पहिल्या कामांपैकी एक असेल.

घटनेत मोफत विधी साहाय्याचे ३९ अ हे कलम १९७६ च्या दुरुस्तीने आले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. या कायद्याने कुणाला वकील मिळतो ते नीट वाचा, कारण गावोगाव याबद्दल गैरसमज आहेत. स्त्री असेल तर तिचे उत्पन्न कितीही असो. मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा तुरुंगात असलेला माणूस, पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेला माणूस, यांपैकी कुणालाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे, आणि उत्पन्नाबाबत अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हावा, असे राष्ट्रीय प्राधिकरणाचे विनियम सांगतात. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ज्याला पायरी चढायची की नाही हे ठरवता येते त्याच्यापुरते ते ठीक असेल. ज्याला पोलिसांनी उचलून नेले, जिला घराबाहेर काढले, ज्याच्या सातबाऱ्यावर भलत्याचे नाव चढले, त्यांना ती पायरी टळत नाही. आणि मोफत वकील म्हणजे नावापुरता वकील, हा समज निव्वळ अफवा नव्हता. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारे मानधन तुटपुंजे, त्यामुळे खासगी खटले आधी आणि हा खटला मागे, असे चित्र अनेक ठिकाणी होते. २०२२ पासून फौजदारी खटल्यांसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत आली. हे वकील खासगी वकिली करत नाहीत, आरोपीचा बचाव हेच त्यांचे काम. विधी साहाय्यातला हा इतक्या वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा बदल आहे, असे आमचे मत आहे. तो टिकावा, त्याला पुरेशी माणसे आणि पैसा मिळावा, यासाठी आम्ही सरकारच्या बाजूने उभे राहू. आमची त्यात एकच भर आहे. प्रत्येक अशिलाला आपल्या वकिलाचे नाव, संपर्क आणि पुढची तारीख कागदावर लिहून मिळाली पाहिजे. बराकीत बसलेल्या माणसाला आपली तारीख कधी आणि आपल्या बाजूने कोण बोलणार हे ठाऊक नसेल, तर त्याला वकील मिळाला असे आम्ही म्हणणार नाही.

देशातल्या तुरुंगांत चारांतले जवळजवळ तीन कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याची बंधपत्रावर सुटका व्हायला हवी. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यांतून वगळले आहेत. जामीन मिळूनही सात दिवसांत कुणी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत सांगितले. असे कळवल्याचा आकडा दर महिन्याला जाहीर व्हावा, अशी आमची मागणी आहे. नावे नकोत, फक्त संख्या.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही ही चळवळ वेगळी काढली ती. तहसील कचेरी आणि तालुका न्यायालय कित्येक गावांत हाकेच्या अंतरावर असतात. एका ठिकाणी माणूस अडलेला असतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच्यासाठी मोफत वकिलाची तरतूद असते. दोघांची गाठ पडत नाही, कारण विधी साहाय्य म्हणजे कोर्टातला खटला अशी समजूत घट्ट बसली आहे. कायदा तसे म्हणत नाही. विधी सेवेच्या व्याख्येत न्यायालयाबरोबर इतर प्राधिकारी आणि न्यायाधिकरणांपुढची कार्यवाही येते, आणि कायद्याच्या कोणत्याही बाबीवरचा सल्लाही येतो. महसुली न्यायालयही त्यात आहे. म्हणजे फेरफाराला हरकत घेताना, प्रांताधिकाऱ्यांपुढे अपील चालवताना, लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील लिहिताना पात्र माणसाला मोफत मदत मागता येते. आमचा आग्रह आहे की तालुका विधी सेवा समितीचा एक स्वयंसेवक आठवड्यातून किमान एक दिवस, बाजाराच्या दिवशी, तहसील कचेरीत बसावा. टेबल, खुर्ची, कोरे अर्ज आणि शिक्का यांपलीकडे त्याला काही लागणार नाही.

खिडकीच्या आत बसलेला माणूस आमचा शत्रू नाही. रिकाम्या पदांमुळे एकेका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा भार पडतो, आणि नव्या योजनेचे अर्ज जुन्या कामावर येऊन आदळतात. लेखी पोच त्यालाही वाचवते, कारण कोणते काम कधी आले आणि माणसे किती कमी पडली याचा तोच पुरावा असतो. म्हणून आमचे कुणीही कार्यालयात आरडाओरडा करणार नाही, कर्मचाऱ्यावर मोबाइल रोखून चित्रण करणार नाही, कुणाला पाडून बोलणार नाही. अर्जदाराकडून चहासुद्धा घेणार नाही. माहिती अधिकाराचे अर्ज करून तडजोडीचे पैसे खाणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी त्या कायद्याची जी बदनामी केली तिची भरपाई अजून झालेली नाही. असे करणारा आमच्यात सापडला तर त्याच दिवशी त्याचा संबंध संपेल.

काम असे चालेल. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का मागायचा. दिला नाही तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पावती जपायची. कागद कमी आहे असे सांगितले तर कोणता, ते लिहून मागायचे. मुदत टळली की तीस दिवसांच्या आत पहिले अपील. एकट्याने जायचे नाही, जोडीला कुणीतरी असेल: निवृत्त कारकून, कायद्याचा विद्यार्थी, अंगणवाडी ताई, जो उपलब्ध असेल तो. सभासद वर्गणी नाही. ज्याला लिहिता येते त्याने महिन्यातून एक दिवस द्यावा, ज्याला लिहिता येत नाही त्याने सोबत उभे राहावे.

प्रत्येक तालुक्यात एक वही राहील. कोणत्या कार्यालयात, कोणत्या तारखेला, कशासाठी पोच मागितली आणि ती मिळाली की नाही, एवढेच त्यात लिहायचे. अर्जदाराचे नाव त्याच्या संमतीशिवाय लिहायचे नाही. लोकसेवा हक्क कायदा ज्या तारखेपासून लागू झाला त्या २८ एप्रिलला ही वही तहसील कचेरीसमोर जाहीरपणे वाचली जाईल. जिथे पोच मिळाली त्या कार्यालयांची नावे आधी वाचायची, त्यानंतर उरलेली. प्रती त्याच दिवशी जिल्हाधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि लोकसेवा हक्क आयोग यांना जातील, आणि त्या दिल्याची पोच आम्ही तिथेच मागून घेऊ.