राखीव माळ उघडा म्हणणाऱ्यांनी आधी गायरान मोजावं

पाऊस पडला की आमच्या उत्तर सोलापूर भागात दरसाल एकच ओरड, जंगल खात्यानं माळ अडवला, जनावरं चारायची कुठं? माझ्याकडं आठ शेरडं अन् दोन गाई आहेत, त्यामुळं वैरणीची अडचण मला कुणी शिकवू नये. तरीबी सांगतो, पावसाळ्यात नान्नजच्या राखीव माळावर एकबी जनावर जाता कामा नये.

माळढोक झाडावर घरटं करत नाही. मादी उघड्या जमिनीवर अंडं घालती, बहुतेक एकच, अन् आपल्याकडं तेबी पावसाळ्यात. पुढं जवळजवळ महिनाभर एकटीच उबवती. अशात शंभर मेंढरं आली, मागं दोन कुत्री, की ती उठली. खुराखाली अंडं फुटलं नाही तरी कावळा, मुंगूस टपलेलाच. शेळी दोन-दोन करडं देती, तो हिशेब इथं चालत नाही.

पारावर विचारतात, पक्षी उरलाय कुठं, मग राखायचं कुणासाठी? बरोबर आहे, सगळ्या देशात दीडशेच्या आसपास उरलेत, तेबी बहुतेक राजस्थानात. पण त्याच गवतात काळवीट आहे, खोकड आहे, लांडगा आहे. काळवीट हटलं तर लांडगा काय गवत खाणार? तुमच्याच वाड्यावर येणार.

आता दुसरी बाजू. सगळं खापर धनगरावर फोडू नका. 1979 साली अभयारण्य केलं ते कागदावर 8496 चौरस किलोमीटर, गावं-शेतं सगळी आत. जमिनीचे व्यवहार अडले, लोक चिडले, मग ते 1222 वर आणलं. मधल्या काळात पाणी आलं तसा आपणच माळ नांगरला, ऊस अन् द्राक्षं लावली. खात्यानं तर गवताच्या माळावर गिरिपुष्प लावलं! झाड म्हणजेच जंगल, ही साहेबी समजूत. माळढोकाला लांबवर नजर जाणारं रान लागतं, झाडी नको.

मग मेंढरं जाणार कुठं? गायरानात. अन् खरी गोम इथंच आहे. माळ उघडा म्हणून निवेदन घेऊन जे पुढं पळतात, त्यातल्या काहींच्या उसाखाली गावचं गायरान आहे. धनगराची चराई त्यांनी खाल्ली, अन् आता त्यालाच पुढं करून राखीव कुरण मागतात.

माझं म्हणणं इतकंच. आषाढ ते दिवाळी माळ पूर्ण बंद. दिवाळीनंतर गवत कापून न्यायला गावाला पाळी लावून द्या, अन् ज्याच्याकडं फक्त मेंढरंच आहेत त्याला ठरलेल्या पट्ट्यात मोजून सोडा. येत्या ग्रामसभेत गायरानाच्या मोजणीचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक पाहिजे. ज्याची तयारी असंल त्यानं खाली नाव टाकावं.