परसांतील बीं : भिजवावें कीं कोरडें टोकावें?

ज्येष्ठ लागला कीं घरोघरीं फडताळांतल्या पुरचुंड्या बाहेर निघतात. राखेंत जपून ठेवलेलें कारल्याचें बीं, पडवळाचें, वालाचें; आणि हल्लीं त्यांच्या जोडीला दुकानांतून आणलेलीं रंगीत पाकिटेंही. मग प्रश्न येतो तो हा, कीं हें बीं आदल्या रात्रीं भिजत घालावें, कीं तसेंच टोकावें? घरांतील वडील माणसें बहुधा 'भिजवा' असें सांगतात, आणि त्यांचें सांगणें पुष्कळ अंशीं खरें आहे. तथापि सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरतें बोलावयाचें तर या प्रश्नाला सरसकट एक उत्तर देतां येणार नाहीं, असें आमचें मत आहे.

भिजविल्यानें होतें काय, तें प्रथम पाहूं. पाणी लागतांच बीं फुगतें. पण फुगणें ही जीव असल्याची खूण नव्हे. मेलेलें बींही पाण्यांत फुगतें. खरें काम पुढें सुरू होतें. आंतला गर्भ जागा होतो, सांठविलेल्या पिठाची साखर होऊं लागते, आणि मग मूळ बाहेर डोकावतें. या कामाला पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. येथें आमच्या गृहिणींना कोणा शास्त्रज्ञानें नवें कांहीं शिकवावें असें नाहीं. मटकीला मोड आणावयाचे तर ती रात्रभर भिजवून, पाणी निथळून, फडक्यांत बांधून ठेवावी लागते. पाण्यांतच राहिली तर आंबते, हें त्या जाणतात. बागेंतल्या बियांनाही हाच नियम लागू आहे. (बागेचें श्रेय मात्र घरांतील पुरुषमंडळी घेतात, ती गोष्ट निराळी.)

कारलें व पडवळ यांचें कवच जाड. त्यांना एक दिवस-रात्र पाण्यांत ठेवावें, मधून एकदां पाणी बदलावें. भेंडीला एक रात्र पुरे. धणे आधीं हलक्या हातानें रगडून त्यांच्या डाळी वेगळ्या कराव्या, मग भिजवावे. माठ-मुळ्याला भिजविण्याची आवश्यकताच नाहीं. बारीक बीं ओलें झालें कीं बोटांना चिकटतें आणि वाफ्यांत झुबके उगवतात. वाल, घेवडा, चवळी यांच्या बाबतींत मात्र फार जपावें. कोरड्या दाण्यांत पाणी एकदम शिरलें तर आंतील नाजूक पडदे फाटतात, डाळी तडकतात, आणि असें बीं मातींत कुजतें. त्यांना ओल्या फडक्यांत गुंडाळून हळूहळू ओल द्यावी, हें उत्तम.

ही दक्षता आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सीताध्यक्षाच्या प्रकरणांत धान्याच्या बियांना सात रात्रीं दंव व दिवसां ऊन द्यावें असें सांगितलें आहे. शेंगांतल्या धान्यांना मात्र तीन किंवा पांचच रात्रीं. इकडे १९९९ सालीं डेव्हिड हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पश्चिम भारतांतील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या शेतांवर मका, भात व हरभरा यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांची कृति इतकीच, कीं रात्रभर भिजवावें, वरचें पाणी सुकवावें, आणि लगेच पेरावें. उगवण लौकर झाली.

आतां आमच्या भूमीकडे वळूं. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं सरासरी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस. त्याच सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत तो ५०० च्या आसपास. सांगली जिल्हा १९४९ सालीं 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६० सालीं त्याला आजचें नांव मिळालें. पण पाऊस कांहीं सरहद्द पाहून पडत नाहीं. आटपाडी व जत माणच्याच पंक्तीला बसतात, आणि शिराळ्याची पश्चिम बाजू पाटणच्या.

पाटण-जावळीकडे आषाढांत माती स्वतःच बीं भिजविते. तेथें घरीं भिजवून मिळवावयाचें कांहीं नसतें, उलट चिखलांत हवा न मिळून तें कुजण्याचेंच भय. वाफा उंच करावा आणि कोरडें बीं टोकावें. कऱ्हाड, वाळवें, मिरज या कृष्णाकांठच्या काळ्या मातींत ओल टिकते, तेथें खुशाल भिजवावें. खरी कसोटी पूर्वेकडची. मूळ फुटण्यापूर्वीं बीं पुन्हा सुकलें तरी बहुधा वांचतें. मूळ बाहेर पडल्यावर सुकलें तर गेलेंच. कोरडें बीं पावसाची वाट पाहूं शकतें, मोड आलेलें पाहूं शकत नाहीं. टेंभू योजनेनें कृष्णेचें पाणी आटपाडीकडे उचलून नेलें आहे खरें, परंतु परसांतल्या वाफ्याला तें रोज मिळेल असें कोणी धरून चालूं नये. भाज्या-तांदूळ धुतलेलें पाणी आठ-दहा दिवस रोज वाफ्यावर जाईल अशी खात्री असेल तरच तेथें बीं भिजवावें.

पाकिटांतल्या बियांवर गुलाबी-निळा लेप दिसला तर तें भिजवूंच नये. तो लेप बुरशीनाशकाचा असतो. तो धुऊन गेल्यानें बियाचें रक्षण जातें, आणि तें विष स्वयंपाकघरांतल्या वाटींत उतरतें. असें उरलेलें बीं मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, पांखरांनाही घालूं नये.

शेवटीं घरच्या वाणाविषयीं. आजेसासूबाईंच्या हातचें पडवळ, माहेराहून आलेला वाल, असलें बीं बाजारांत मागून मिळत नाहीं, आणि पुरचुंडींत दहा-बारा दाणेच उरलेले असतात. तें एकाच रात्रीं सगळें पाण्यांत घालूं नये. निम्में भिजवावें, उरलेलें कोरड्या बरणींत राखेसह घालून, झांकण घट्ट लावून, वर वाणाचें नांव व साल लिहून ठेवावें. मृग कोरडा गेला तर आर्द्रांत तेंच हाताशीं असतें.