संगणकाला मराठी शिकवताना

"घरात संगणक आहे, पण त्यावर मराठी उमटत नाही. साधा अर्ज करायचा तरी स्टेशनजवळच्या टायपिंगवाल्याकडे जावं लागतं," असं डोंबिवलीच्या एका भगिनीने कळवलं आहे. पैसे जातात ते जातातच, पण मुलीच्या अर्जात 'काळे'चं 'काले' झालं आणि दुरुस्तीसाठी कल्याणला दोन खेपा पडल्या.

मैत्रिणींनो, यासाठी काहीही विकत घ्यायला नको. विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन' उघडा आणि 'ॲड अ लँग्वेज'मधून मराठी निवडा. इंटरनेट तेवढं चालू हवं. मग विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. इंग्रजी कुठे पळून जात नाही. मुलांचा अभ्यास सुखेनैव चालू राहतो.

आता अक्षरं शोधायची कुठे? इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलक मिळतो. चिठ्ठीचपाटीला तो ठीक, पण मला विचाराल तर इनस्क्रिप्टच शिका. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या प्रमाणात तो आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'के'वर क, शिफ्ट धरली की ख. 'डी'ने अक्षराचा पाय मोडतो. शिफ्टसह 'एन' म्हणजे आपला ळ. आणि शिफ्टसह 'जे', मग 'डी', मग तिरक्या रेघेच्या कळीवरचा य, की झाला ऱ्य. एवढं शिकाच, नाहीतर लग्नाच्या हिशेबात आचाऱ्यांचे पैसे आचार्यांच्या नावावर पडायचे!

आणखी एक सोय. आपल्याकडे गुजराती, कानडी शेजार असतोच. त्या भाषा अशाच जोडल्या की 'के'वर त्या त्या लिपीतला क येतो. बोटं तीच राहतात.

जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर कित्येकदा अगम्य चिन्हांचा होतो. हे लिखाण युनिकोडमध्ये असल्यामुळे ठाण्याला पाठवलेला अर्ज तिथेही वाचता येतो.

सुरुवातीला विंडोजची कळ, कंट्रोल आणि 'ओ' एकदम दाबा. पडद्यावरच कळफलक उघडतो, त्यात अक्षरं पाहून दुपारी वीस मिनिटं हात बसवा. आधी स्वतःचं नाव आणि आडनाव, मग दुधाचा हिशेब, मग खुशाल सोसायटीला पत्र.