पोरगी ॲप्रेंटिस म्हणून निघाली आहे?

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतून तुमच्या मुलीला पत्र आलंय. नोकरीचं नाही, ॲप्रेंटिसचं. एका वर्षाचं. तिचा चेहरा फुललाय आणि तुमच्या कपाळाला आठी पडलीय. "बी.सी.ए. केलं ते काय शिकाऊ म्हणून राबायला?" असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. भाचीच्या वेळी आमच्या घरात ते मी म्हणालो होतो.

खरं तर मला हा शब्द नवा नव्हता. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवलं. टेल्कोत ॲप्रेंटिस लागलेल्या मुलाला आमच्याकडे लग्नाच्या बाजारात भाव असायचा. सुरुवातीचं काम काय, तर कानस आणि लोखंडाचा तुकडा. घास. काटकोन तपासायला गुण्या लावून बघ. उजेडाची फट दिसली की पुन्हा घास. हात असा तयार व्हायचा. मुलगा फिटर होणार म्हणून ते चालत होतं. मुलगी कॉम्प्युटरवर बसणार म्हटल्यावर तेच मला कमीपणाचं वाटलं. का, ते आजही मला धड सांगता येत नाही.

असो. तुम्ही आधी कागद बघा.

ॲप्रेंटिसशिपला 1961 सालचा कायदा आहे. त्यात कंपनी आणि उमेदवार यांच्यात करार होतो आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. पदवी किंवा डिप्लोमा झालेल्यांसाठी केंद्र सरकारची नॅट्स नावाची योजना आहे. आपल्या पश्चिम विभागाचं तिचं कार्यालय मुंबईत, शीवला आहे. मुलीला विचारा, करार नोंदवला का? पोर्टलवर उघडून दाखव म्हणा. पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, तेही बघा.

पत्रावर नुसतं 'ट्रेनी' किंवा 'इंटर्न' लिहिलेलं असेल तर ती कायद्यातली ॲप्रेंटिसशिप असेलच असं नाही. असं पत्र वाईटच असतं असंही नाही. पण कशाला सही करतोय ते माहीत हवं.

आता पैसे. याला पगार नाही, विद्यावेतन म्हणतात. 2019 च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान 9,000 आणि डिप्लोमावाल्याला 8,000 रुपये ठरवले होते. सही करण्याआधी चालू आकडा पोर्टलवर बघून घ्या. कंपनी त्याहून जास्त देऊ शकते, कमी नाही. नॅट्समध्ये या किमान रकमेचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. तो वेगळा जमा होत असेल, तर सगळे पैसे एकाच दिवशी येतील असं धरून खोलीभाड्याचा हिशेब करू नका. मुलीचं खातं आधारला जोडलेलं आहे का, हे आजच बँकेत जाऊन बघा. महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मिळाले पाहिजेत, असा नियम आहे.

पीएफ कापला नाही म्हणून घाबरू नका. कायद्याने ॲप्रेंटिस हा कामगार नसतो, शिकणारा असतो. त्याचीच दुसरी बाजूही ऐकून ठेवा. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं, करारात तसं लिहिलं असेल तरच असतं. म्हणून गावभर 'पोरगी आयटीत लागली' म्हणून पेढे वाटण्याआधी जरा दम धरा. पेढ्यांचा त्रास नाही, पुढे लोक विचारतात त्याचा होतो. तिला.

पुण्यात राहायचं तर 9,000 पुरत नाहीत. खोली आणि डबा यांतच निम्म्याहून जास्त जातात. घरातून काही घालावं लागेल. ते आधीच बोलून घ्या आणि नंतर तिला ऐकवू नका.

एका गोष्टीत मात्र हट्टी राहा. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे, कोणत्याही नावाने कोणी पैसे मागितले तर थांबा. मूळ मार्कशीट कोणाकडे ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत आणा. बाँड असेल तर किती वर्षांचा, मोडला तर किती भरायचे, हे वाचा. इंग्रजी जड वाटत असेल तर गावातल्या वकिलाला शंभर-दोनशे रुपये देऊन वाचून घ्या. लाजू नका.

तिच्या सुरक्षिततेचं म्हणाल, तर 2013 चा कायदा आहे, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा. त्यात ॲप्रेंटिस हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. 'तू काय, शिकाऊ' असं म्हणून कोणी तिला उडवून लावू शकत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रार समिती असावीच लागते. लहान ठिकाण असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. हे तिला जायच्या आधी सांगा. आणि हेही सांगा, की असं काही झालं तर घरी बोल, आम्ही 'सोडून ये' म्हणून लगेच मागे ओढणार नाही. या भीतीनेच मुली बोलत नाहीत.

आता मधल्या दिवसांचं.

भाचीचा तिसरा आठवडा होता. एका फॉर्मसाठी तिने अकरा ओळींचा कोड लिहिला होता. तिथल्या पद्धतीप्रमाणे तो आधी सीनियरकडे तपासायला गेला. परत आला तो एकोणीस शेरे घेऊन. अकरा ओळींना एकोणीस! रात्री पीजीच्या गच्चीवरून फोन, नुसती रडत होती. माझी बहीण म्हणाली, परत ये. मी फोन घेतला आणि म्हटलं, शेरे वाच. तिने वाचले. 'या नावावरून आत काय ठेवलंय ते कळत नाही.' 'हेच दोनदा लिहिलंय.' आणि मग, 'नावाची चौकट रिकामी सोडली तर काय होईल?' मी विचारलं, काय होतं गं? ती म्हणाली, बघितलं नाही. फोन चालू ठेवूनच तिने बघितलं. फॉर्म बंद पडला.

मला हसूच आलं. हा तर गुण्या. कोणीतरी उजेडाकडे धरून तिला फट दाखवत होतं.

म्हणून मुलीला दर आठवड्याला 'किती मिळाले' असं विचारू नका. 'तुझा कोड कोण बघतं?' असं विचारा. उत्तरात एखादं नाव येत असेल आणि त्या माणसाबद्दल थोडी कुरकुर येत असेल, तर बरं चाललंय. दोन महिने झाले तरी नुसत्या एक्सेलच्या शीट भरतेय, कोणी काही तपासत नाही, असं असेल तर तिथे शिकणं नाही, फुकट राबणं आहे. आधी तिने सीनियरशी बोलावं, मग एचआरशी. तरी हललं नाही तर शीवच्या कार्यालयाला लेखी कळवा. तोंडी नको. आणि वर्ष संपलं की प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत मागे लागा. पुढच्या मुलाखतीत ते अनुभव म्हणून दाखवता येतं.

घरातलं एक राहिलं. ती काम घरून करत असेल, तर 'घरीच तर आहेस' म्हणून तिला भाकरी टाकायला उठवू नका. पाहुणे आले तरी. या वर्षात स्थळं बघायची घाई नको, हे आजीला तुम्हीच समजवा, तिच्यावर टाकू नका.

आणि तो लॅपटॉप कंपनीचा आहे. धाकट्याला त्यात सिनेमाचा पेन ड्राइव्ह घालू देऊ नका. आमच्याकडे घातला होता. पुढचे दोन दिवस भाचीचे उत्तरं देण्यात गेले.