लोड घे ना भाऊ!

‘लोड घेऊ नको यार!’ ऑफिसात दिवसातून दहा वेळा ऐकू येणारं वाक्य. मागच्या सुट्टीत मात्र मी एकोडीच्या अंगणात बसून नेमकं उलटं म्हणत होतो. समोर होता चुलतभावाच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लायचा तो पत्र्याचा डबा.

एकोडी हे साकोली तालुक्यातलं आमचं गाव. भाऊ तिथे लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करतो. नवीन ग्राफिक्स कार्ड टाकल्यापासून कॉम्प्युटर एरवी शहाण्यासारखा चालायचा, पण रेंडरिंगला लावला की मध्येच रिस्टार्ट! तीन लग्नांचा अ‍ॅडव्हान्स घेतलेला, पार्ट्या रोज दारात. मी पुण्यातून फोनवर डॉक्टरकी केली. आधी ‘फॉर्मॅट मार’, मग ‘रॅम रबराने पूस’ आणि शेवटी ‘मदरबोर्ड गेला तुझा’. एसएमपीएसला तर मी आधीच क्लीन चिट दिली होती. त्याने फोनवर मल्टिमीटरचा आकडा सांगितला होता ना, 12.1 व्होल्ट. एकदम ओके!

गावी गेल्यावर मी तोच प्रयोग पुन्हा केला. 24 पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली, पंखा फिरला, पिवळ्या वायरवर पुन्हा 12.1. काका बाजूला बसून बघत होते. म्हणाले, ‘‘बैल गोठ्यात उभा पाहून इकत घेतेत का बाप्पा? बंडीले जुपून पाहा लागते!’’

इंजिनीअर मी, आणि मुद्दा सुचला काकांना. रिकाम्या सप्लायचा व्होल्टेज बघून काहीच कळत नाही. त्यातून करंट ओढला की खरं काय ते बाहेर येतं.

मग ट्रॅक्टरच्या हेडलाइटचे दोन बल्ब आणले. 12 व्होल्टचा 60 वॅटचा बल्ब साधारण 5 अँपिअर घेतो. पहिला लावला, 11.7. दुसरा लावला आणि सप्लाय गपकन बंद! भाऊ ओरडला, ‘‘सापडला चोर!’’ पण थांबा. थंड फिलामेंट पेटताना क्षणभर कितीतरी पट जास्त करंट ओढते, त्यामुळे चांगला सप्लायही दचकून बंद पडू शकतो. शिवाय स्वस्तातल्या सप्लायमध्ये 5 व्होल्टची लाइन रिकामी ठेवली तर 12 व्होल्टचा आकडा नाहक खाली येतो. म्हणजे संशय आला, पण शिक्षा सुनावता येईना.

डबा बॅगेत घालून पुण्याला आणला आणि ऑफिसच्या लॅबमधल्या इलेक्ट्रॉनिक लोडला जोडला. हे यंत्र म्हणजे हुकमी ओझं. तुम्ही सांगाल तेवढे अँपिअर ते ओढतं आणि आतले मॉस्फेट त्या विजेची उष्णता करून पंख्याने बाहेर फेकतात. 5 व्होल्टवर 3 अँपिअर कायम ठेवले आणि 12 व्होल्टवर एकेक अँपिअर चढवत गेलो. एटीएक्सच्या नियमाप्रमाणे 12 ची लाइन 5 टक्के इकडेतिकडे चालते, म्हणजे 11.40 ते 12.60. आमचे महाशय 8 अँपिअरलाच 11.3 वर आले आणि 11 ला झोपले. लेबलवर छापलेले होते 18! मदरबोर्ड बिचारा निर्दोष सुटला.

दोस्तहो, सप्लाय घेताना नुसते वॅट बघू नका, 12 व्होल्टला किती अँपिअर ते बघा. 2004 पासून चालू असलेलं ‘80 प्लस’चं चिन्ह असेल तर उत्तम. त्यासाठी 20, 50 आणि 100 टक्के लोडवर कार्यक्षमता तपासतात, म्हणजे निदान बैल बंडीला जुंपलेला तरी असतो. आणि डबा मात्र उघडू नका हं! आत 300 व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो.

नवा सप्लाय बसल्यावर पहिलं लग्न रात्रभरात रेंडर झालं. सकाळी भावाचा फोन, ‘‘भाऊ, मदरबोर्डाचे पैसे वाचले ना!’’

वाचले खरे. पण ते घालवायला निघालो होतो मीच, पुण्यात एसीत बसून, बिनलोडचा.